पादचारी सिग्नलचे सेकंद वाढवा

महोदय,

पुण्यातल्या मोठ्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांसाठी लागणारा हिरवा दिवा वयस्कर माणसाच्या चालीला पुरत नाही. तो पुरेल असा लावणं अवघड नाही. एवढं एकच मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहे. मी फिजिओथेरपिस्ट होते, आता निवृत्त आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या, गुडघे बदललेल्या, पक्षाघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालतं करण्यात माझी सगळी नोकरी गेली.

आमच्या कामात चालण्याचा वेग मोजतात. जमिनीवर १० मीटर अंतराच्या खुणा करायच्या, पेशंटला त्याच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ ते १.४ मीटर चालतो. पेशंट ०.८ मीटरपर्यंत आला, की आम्हाला हायसं वाटतं, कारण त्या वेगाला माणूस घराबाहेर एकटा वावरू शकतो असं मानतात. वॉकर घेऊन चालणारे बरेच जण अर्ध्या मीटरच्या आसपास असतात. आता २४ मीटर रुंदीचा रस्ता धरा. १.२ च्या वेगाने तो २० सेकंदांत पार होतो. ०.८ ने ३० सेकंद लागतात आणि अर्ध्या मीटरने ४८. शिवाय दिवा हिरवा झाल्याचं लक्षात येणं, काठी सावरणं, फुटपाथच्या उंच कडेवरून एक पाय खाली टेकवून मग दुसरा आणणं, यात सुरुवातीचे चार-पाच सेकंद जातातच.

सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग १.२ मीटर धरण्याची पद्धत जगभर रूढ होती. तरुण, निरोगी माणसासाठी तो आकडा ठीक आहे. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या नियमावलीत तो कमी करून १.०७ च्या जवळपास आणला. सिंगापूरने त्याच वर्षी आणखी नेमका उपाय काढला. तिथे ज्येष्ठ नागरिक आणि अपंग व्यक्ती खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड टेकवतात आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. कार्ड टेकवलं नाही तर वेळ नेहमीचीच, म्हणजे वाहनांनाही विनाकारण थांबावं लागत नाही.

माझ्या घराजवळ कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात मी रोज सकाळी जे पाहते, ते लिहिते. वाहनांसाठी आकडे उलटे मोजणारा दिवा आहे. त्यावर तीन आला, की पुढच्या रांगेतल्या दुचाकी हलायला लागतात आणि मागून हॉर्न सुरू होतात. झेब्रा पट्ट्यांवरच्या माणसाची शेवटची चार पावलं नेमकी त्या वेळी पडत असतात. पंचाहत्तरीच्या बाई त्या आवाजाने दचकतात, मान वळवून गाडीकडे बघतात आणि पाऊल चुकतं. वय वाढलं की चालणं आणि मान वळवून बघणं ही दोन कामं एकत्र जमेनाशी होतात, तोल जातो. घाईत पडलेल्या माणसाचा खुबा मोडतो, मग ऑपरेशन होतं, काही महिने अंथरुणात जातात, आणि पुन्हा पहिल्यासारखं चालणं सगळ्यांच्या नशिबी येत नाही. उलटे आकडे दाखवायचे असतील तर जरूर दाखवा, पण वाहनांचा दिवा हिरवा होण्याआधी तीन-चार सेकंद चौकाच्या सगळ्या बाजूंना लाल ठेवा. याला नवीन खांब लागत नाही, फक्त वेळापत्रकात बदल लागतो.

पार्किन्सन्सच्या पेशंटबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण ही गोष्ट त्यांच्या घरच्यांखेरीज फार थोड्यांना माहीत असते. चालता चालता या माणसांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. इच्छा असते, ताकद असते, पण पाऊल उचलत नाही. कुणी घाई केली, मागून ओरडलं, की हे हमखास होतं. अशा वेळी जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या तर अनेकांना पाऊल टाकायला मदत होते. एकेक रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. म्हणून आम्ही त्यांच्या घरात, दारापाशी आणि न्हाणीघराच्या वाटेवर रंगीत चिकटपट्ट्या लावतो. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्या चालणाऱ्याच्या वाटेत अशाच आडव्या येतात. त्या ठळक रंगवलेल्या असतील आणि त्यांच्यावर गाड्या उभ्या नसतील, तर आजारी माणसाला त्यांचा खरा उपयोग आहे. पावसाळा संपेपर्यंत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्या ओळखू येत नाहीत, आणि जिथे दिसतात तिथे त्यांच्यावर दुचाकींची रांग असते.

सकाळची आणखी एक अडचण आहे. वयस्कर माणसं फिरायला लवकर बाहेर पडतात. त्या वेळी अनेक चौकांत दिवे नुसते पिवळे लुकलुकत असतात आणि रस्ता मोकळा म्हणून गाड्या भरधाव जातात. दुपारच्या गर्दीत निदान गाड्यांचा वेग कमी असतो. बागांच्या आणि दवाखान्यांच्या जवळचे सिग्नल पहाटे सहापासून पूर्ण चालू ठेवावेत.

यावर वाहतूक तुंबेल, असं उत्तर मिळतं. सिग्नलच्या दोन मिनिटांच्या फेऱ्यात दहा सेकंद मागितले, तर गाडीवरच्या माणसाला तेवढाच उशीर होईल. ते दहा सेकंद मिळाले नाहीत, तर पायी चालणारा घराबाहेर पडणंच बंद करतो. माझे एक जुने पेशंट म्हणाले होते, "मॅडम, चालता येतं हो, पण रस्ता ओलांडवत नाही." समोरच्या बाजूच्या औषधाच्या दुकानात जायलाही ते रिक्षा करायचे. आम्ही महिनोन्‌महिने मेहनत करून परत आणलेलं चालणं असं घरातल्या फेऱ्यांत संपताना पाहून मला फार वाईट वाटतं. पादचारी पूल बांधा, असंही सुचवलं जातं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तेवढे जिने चढायला सांगणं याला मी सोय म्हणणार नाही.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ मला मनापासून आवडतो, तिथे व्हीलचेअरही जाते. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, त्याचंही कौतुक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कात येणारा, हक्क असल्याचं सांगितलं आणि फुटपाथ अपंगांना वापरता येतील असे हवेत, हेही बजावलं. पण फुटपाथ कितीही चांगला असला तरी पुढे चौक येतोच. वाहनांच्या गर्दीनुसार आपली वेळ आपण बदलणारे सिग्नल शहरात बसवले आहेत. त्यांना गाड्या मोजता येतात, तर कडेला काठी टेकून उभी असलेली माणसंही हिशोबात घ्यायला हवीत. निदान बटण दाबल्यावर वेळ वाढेल एवढं तरी व्हावं, आणि ते बटण चालू स्थितीत असावं.

दुभाजकाबद्दल थोडक्यात. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा असेल, तर मध्ये वॉकरसह उभं राहता येईल इतकी सपाट जागा हवी. आज तिथे बहुतेक ठिकाणी झाडांच्या कुंड्या, लोखंडी कठडे किंवा उंच कड असते.

महापालिका आणि वाहतूक पोलिस यांना माझी विनंती आहे, की दवाखाने, बागा आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या आसपासचे चौक आधी घ्यावेत आणि तिथल्या हिरव्या दिव्याची वेळ सेकंदाला ०.८ मीटर या वेगाने पुन्हा मोजावी. मोजमापाला माणसं हवी असतील तर मी आणि माझ्याबरोबर काम केलेल्या काही निवृत्त फिजिओथेरपिस्ट मैत्रिणी विनामोबदला यायला तयार आहोत. टेप आणि स्टॉपवॉच आमच्याकडे आहे. चौकांची यादी आणि सोबत एक वाहतूक कर्मचारी मिळाला, की सकाळी सात ते नऊ या वेळात आम्ही काम सुरू करू.

– एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, एरंडवणे, पुणे