नवव्या आठवड्याचं दुखणं

विलेपार्ले, मुंबई
रविवार

चि. सौ. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, उजवा खुबा बदलून नऊ आठवडे झाले, अजून दुखतंय. ऑपरेशन फसलं का?" फोनवर एक बोलायला जावं तर दुसरं राहतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. पुढच्या तपासणीला जाताना हे पत्र सोबत ने.

ऑपरेशन फसलेलं नाही. सहा आठवड्यांची मुदत सगळेच सांगतात, पण ती जखम आणि शिवलेले स्नायू जुळण्याची असते. दुखणं थांबायला त्याहून बराच वेळ लागतो. तुझा सांधा मागच्या बाजूने उघडला आहे. खुब्यामागचे छोटे स्नायू कापून पुन्हा शिवले, मांडीच्या हाडाचं खराब झालेलं डोकं काढलं, हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा दांडा ठोकून बसवला, त्यावर नवा गोळा आणि ओटीपोटाच्या हाडात नवी वाटी बसवली. सिमेंट वापरलेलं नाही. म्हणजे दांड्याच्या खरबरीत पृष्ठभागात तुझं स्वतःचं हाड वाढून पकड घेणार. त्या पकडीला पहिले सहा ते बारा आठवडे लागतात आणि पुढेही ती कित्येक महिने घट्ट होत राहते. शिवाय एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून हाडाचं डोकं मरतं तो आजार) तीन वर्षं तू तो पाय वाचवत चाललीस. सांधा दीड-दोन तासांत बदलता येतो, पण तीन वर्षांत वाळलेला स्नायू तेवढ्यात भरत नाही.

साधारण हिशेब असा धर: तीन महिन्यांनी रोजचं बरंचसं दुखणं गेलेलं असतं, सहा महिन्यांनी चाल सुधारलेली असते आणि ऑपरेशन कसं झालं याचा निवाडा एक वर्षानंतर करायचा. शेजारच्या काकू दीड महिन्यात चौपाटीवर फिरायला लागल्या असतील, तर छान झालं. त्यांचा आजार वेगळा, स्नायू वेगळे. त्यांच्याशी तुलना करून रात्रीची झोप घालवू नकोस.

आता मुद्द्याचं. "दुखतंय" एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. कुठे दुखतं, काय करताना दुखतं आणि मागच्या आठवड्यापेक्षा कमी आहे की जास्त, या तीन गोष्टी सांगायच्या.

खुर्चीवरून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं मांडीच्या मध्यावर ठणकतं आणि मग मोकळं होतं म्हणालीस, ते दांड्याचं दुखणं. धातू ताठ, हाड त्यामानाने लवचिक. भार पडला की दांड्याच्या टोकाशी हाडावर ताण येतो. काहींना हे थोडंफार वर्ष-दीड वर्षही राहतं. उठण्याआधी बसल्या जागी दोन्ही घोटे वीस वेळा वर-खाली कर, गुडघा पाच वेळा सरळ कर, मग उभी राहून दहा वेळा आलटून पालटून दोन्ही पायांवर भार दे आणि नंतर पाऊल टाक. हे दुखणं ओसरत जायला हवं. पूर्ण थांबलं आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा सुरू झालं, तर दांडा सैल झाला का ते बघावं लागतं. त्यासाठी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवतात, म्हणून एकही फिल्म टाकू नकोस.

जांघेतलं दुखणं निराळं. गाडीत पाय उचलून घेताना, पलंगावर पाय चढवताना चमक येते ती बहुधा मांडी वर उचलणाऱ्या स्नायूच्या दोरीची. ती नव्या वाटीच्या अगदी पुढून जाते आणि चिडते. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो: उताणं झोपून सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम बंद कर. गुडघ्याच्या ऑपरेशनचा हा व्यायाम बरेच जण खुब्यालाही सरसकट लावतात. त्याने खुब्यावर मोठा भार येतो आणि ही दोरी आणखी चिडते. त्याऐवजी उताणं झोपून गुडघे उभे ठेव, कंबर उचल, पाच सेकंद धर, दहा वेळा. पाय पलंगावर घेताना हाताने किंवा ओढणीचा फास पावलाखाली घालून उचल. तीन-चार महिन्यांनीही चमक तशीच राहिली तर सर्जनना नेमकं हेच सांग. वाटीची कड पुढे आली आहे का ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, आणि तिथे इंजेक्शन देऊन दुखणं थांबलं की निदानही होतं.

पण मला तुझी खरी काळजी आहे ती बाजूच्या दुखण्याची. उजव्या कुशीवर वळलं की हाडाच्या उंचवट्यावर टोचतं आणि जिना चढताना तिथेच भरून येतं म्हणालीस. तिथे कुल्ल्याचा बाजूचा स्नायू चिकटतो. एका पायावर उभं असताना कंबर सरळ धरायचं काम त्याचं. तो कमजोर असला की प्रत्येक पावलाला त्याच्या दोरीवर ताण येतो, ती सुजते, दुखते म्हणून आपण तो पाय वाचवतो, आणि मग स्नायू आणखी कमजोर होतो. बहुतेकांचं लंगडणं यातूनच रेंगाळतं.

हे घरीच तपासता येतं. सरळ काठाचा कुर्ता घाल. चाळीच्या गॅलरीत दहा पावलं जा आणि दहा पावलं ये, आणि समीरला मागून मोबाईलवर शूटिंग करू दे. मग व्हिडिओत कुर्त्याचा खालचा काठ बघ. उजव्या पायावर भार येतो त्या क्षणी काठाची डावी बाजू खाली जाते का? किंवा काठ सरळ राहतो पण खांदे उजवीकडे झुकतात का? दोन्हींचा अर्थ एकच, उजवा स्नायू अजून भार पेलत नाही. मग काठी सोडायची वेळ आलेली नाही.

आणि काठी डाव्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला आधार हवा असं वाटून तू ती उजव्या हातात धरतेस, हे मागच्या रविवारी मी पाहिलं. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो, कारण सांध्याजवळून ओढणाऱ्या त्या स्नायूला सगळं धड तोलावं लागतं. काठी विरुद्ध बाजूच्या हातात असली की लांबच्या टोकाकडून उचल मिळते आणि स्नायूचं काम खूप हलकं होतं. उजवा पाय आणि डाव्या हातातली काठी एकदम पुढे जायला हवी. उंची मनगटाच्या घडीएवढी, हात खाली सोडून उभं राहिल्यावर मोजायची.

व्यायाम हा: स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून ताठ उभी राहा, उजवा पाय सरळ बाजूला ने, जेमतेम एक वीत, पाच सेकंद थांब, परत आण. दहा वेळा, मग डावा पाय, असं दिवसातून दोनदा. डावा पाय उचलताना खरं काम उजव्याचं होतं, म्हणून तो टाळू नकोस. पायाचा अंगठा समोर ठेव, बाहेर वळला की दुसराच स्नायू काम करतो. कुशीवर झोपून पाय उचलण्याचा प्रकार सर्जननी हो म्हटल्यावर. आणि बाजूची शीर ताणायचा, पायावर पाय टाकून करायचा व्यायाम कुणी सांगितला तर करू नकोस. त्यात ती सुजलेली दोरी हाडावर दाबली जाते, शिवाय पाय शरीराची मधली रेषा ओलांडतो आणि सांधा निखळू शकतो. ओट्याशी भाजी चिरताना एका पायावर भार टाकून उभं राहायची सवयही सोड. झोपताना डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी.

दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर ते खुब्याचं नसून बहुधा कमरेचं असतं. नुसता गुडघा दुखत असेल तर घाबरू नकोस, खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. टाक्यांच्या कडेचा बधिरपणा हळूहळू कमी होतो, थोडा राहूनही जातो.

पाय लांब झाल्यासारखा वाटतो, तो बऱ्याचदा नुसता भास असतो. आखडलेल्या स्नायूंमुळे ओटीपोटाचं हाड एका बाजूला कलतं. चपलेत टाच चढवून घेऊ नकोस. आत्ताच टाच दिलीस तर शरीर कललेलंच राहील. तीन ते सहा महिन्यांनी पायाखाली पातळ फळ्या ठेवून मोजू. एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांचं शरीर सांभाळून घेतं.

चालणं किती? सध्या दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढव. यासाठी चोवीस तासांचा नियम लावतात: व्यायामाने दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं तर चालेल. सकाळीही जास्तच असेल तर त्या दिवशी निम्मं करायचं. पूर्ण बंद करू नकोस. तीन मजले दिवसातून एकदाच. चढताना डावा पाय आधी. उतरताना काठी आणि उजवा पाय आधी. पॅरासिटामॉल ६५० ची गोळी व्यायामाआधी पाऊण तास घे, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोज. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. तेल लावून खुबा रगडणारी मालीशवाली किंवा पाय ओढणारा हाडवैद्य घरात येता कामा नये, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

आता ज्यासाठी थांबायचं नाही ते. संध्याकाळी पाय घोट्यापर्यंत सुजून रात्रीत उतरत असेल तर ते महिनोन् महिने चालतं. पण सूज सकाळीही तशीच राहिली, पोटरी टणक होऊन दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरेत रक्ताची गाठ आहे का ते बघणारी सोनोग्राफी). आणि श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन. सुकलेली जखम पुन्हा ओलावली, ताप आला, किंवा हालचाल नसतानाही रात्री ठणका वाढत चालला, तर सर्जनना दाखव आणि सीआरपी, ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या कर. सीआरपी साधारण तीन ते सहा आठवड्यांत खाली येतो, त्यामुळे नवव्या आठवड्यात तो चढा असेल तर कारण शोधावं लागतं. ईएसआर मात्र काही महिने रेंगाळू शकतो. एक चूक फार महागात पडते: फॅमिली डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊन सर्जनकडे जाणं. मग सांध्यातलं पाणी तपासलं तरी अनेकदा जंतू सापडत नाही आणि आतला संसर्ग तसाच राहतो. तपासणीआधी अँटिबायोटिक नको.

सांधा निखळला तर संशयाला जागाच उरत नाही. एकदम भयंकर कळ येते, पाय आखूड होऊन आत वळतो, उभं राहता येत नाही. ओढायचा नाही, काही खायचं-प्यायचं नाही (भूल द्यावी लागते), पडल्या जागी उशीचा आधार आणि १०८. निखळतो तो खाली वाकणं आणि आत वळणं एकत्र झालं की. जमिनीवर पडलेला मोबाईल वळून उचलताना, नखं कापताना, बुटक्या सोफ्यावरून तिरकं उठताना. टॅक्सीत आधी पाठमोरी बस, मग दोन्ही पाय एकत्र आत. रिक्षा आणि लोकल अजून नको. फूटबोर्डाची उंची एक वेळ जमेल, पण मागून येणारा धक्का तुझ्या हातात नाही.

गणपतीला तीन आठवडे आहेत, आणि तू पाटावर बसून मोदक वळायचं म्हणते आहेस. मांडी घालताना पाय बाहेर वळतो, त्यामुळे ती अवस्था तितकी वाईट नाही. धोका आहे खाली बसण्यात आणि उठण्यात, तेव्हाच माणूस वाकून वळतो. म्हणून यंदा गुडघ्यापेक्षा उंच खुर्ची आणि टेबल. पुढच्या वर्षीचं सर्जनना विचार, सांध्याचा गोळा ३२ मिलिमीटरचा बसवला आहे की ३६ चा हेही विचार. मोठा गोळा निखळायला कठीण. डिस्चार्जच्या कागदांवर सांध्याचे स्टिकर असतात, त्यांचा फोटो काढून ठेव. २०१० साली धातूवर धातू घासणारे एका कंपनीचे सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा आपला सांधा कोणता तेच कित्येकांना माहीत नव्हतं.

वर्षानंतरही काहींचं दुखणं राहतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात खुबा बदललेल्या शंभरातल्या सात ते तेवीस जणांना दीर्घकाळ दुखणं राहिल्याचं दिसलं. ते मनाचे खेळ नसतात. कारण शोधायचं असतं, आणि बरेचदा ते वर लिहिलेल्यांपैकीच एखादं निघतं. म्हणून आजपासून वहीत रोज एक ओळ लिही: जागा, वेळ, दहापैकी किती.

शनिवारी सकाळी येतो. तुझ्या काठीचं रबरी बूट झिजून गुळगुळीत झालं आहे, आणि पावसात गॅलरी ओली असते. नवीन आणतो. काठीच्या टोकाची जाडी फूटपट्टीने मोजून कळव, १९ मिलिमीटर आहे की २२. तोवर ओल्या फरशीवर एकटी जाऊ नकोस.

तुझे
बाबा