रेती फुटावर नको, वजनावर घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की इंदुरात बंगल्यांच्या अंगणाची कामं निघतात. कुठे पेव्हरच्या फरशा बसतात, कुठे पायवाटेवर गिट्टी पडते, कुठे लॉनखाली रेती. नर्मदेची रेती या दिवसांत दमट येते आणि घनफुटाच्या भावाने विकली जाते. ग्राहकाचं खरं नुकसान इथे होतं, म्हणून हे पत्र.

रेतीला थोडी ओल लागली की कणाकणाभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि रेती फुगते. चार-पाच टक्के ओलीला ही फूग सहज 20 ते 30 टक्के असते, बारीक रेतीत त्याहूनही जास्त. तीच रेती पाण्यात पूर्ण बुडवली तर पुन्हा कोरड्या रेतीएवढीच जागा घेते. म्हणजे ट्रॉलीत 100 घनफूट दिसणारी दमट रेती प्रत्यक्षात 80च्या आसपास असते. वजनावर घेतली तर मात्र टनामागे 50 किलोच्या आसपास पाणी विकत घेतलं जातं, एवढंच. पाच टक्के कुठे आणि पंचवीस कुठे!

ट्रॉली दारात आली की तपासणी करता येते. सरळ उभ्या भिंतीच्या बरणीत दमट रेती न दाबता दोन तृतीयांश भरा आणि उंची मोजा. समजा ती 20 सेंटीमीटर आली. रेती काढून ठेवा, बरणी अर्धी पाण्याने भरा, तीच रेती त्यात सोडून सळईने ढवळा आणि बसू द्या. आता उंची 16 भरली, तर 4 भागिले 16, म्हणजे फूग 25 टक्के. वर गढूळ मातीचा जाड थर साचला तर ती रेती पेव्हरखाली घेऊच नका. पाणी निचरत नाही आणि फरशा हलू लागतात.

आता हिशेब. 20 बाय 15 फुटांचं अंगण म्हणजे 300 चौरस फूट. पेव्हरखाली दीड इंच रेती हवी. दीड भागिले 12 गुणिले 300, उत्तर 37.5 घनफूट. (इंचांना 12ने भागायचं राहून गेल्याने बारापट आकडा काढलेले कागद पाहायला मिळतात.) दाबल्यावर रेती बसते आणि थोडी सांडते, म्हणून 20 टक्के वाढवा: 45 घनफूट कोरडी. कोरडी सुटी रेती घनफुटाला साधारण 45 किलो भरते, म्हणून सुमारे 2 टन, ओलीसकट 2.1 टन सांगा. विक्रेता मापावरच अडून बसला, तर 25 टक्के फूग धरून 45 नव्हे, 56 घनफूट मागा.

रेतीखाली 4 इंच मुरूम लागतो. दाबलेला मुरूम 100 घनफूट हवा असेल तर सुटा सव्वाशे मागवा. तो दोन थरांत पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम टाकलेला थर वरून घट्ट दिसतो, आत पोकळ राहतो.

गिट्टी ओलीने फुगत नाही, ती मापावर घ्यायला हरकत नाही. 40 फूट लांब, 4 फूट रुंद वाटेला 2 इंच थर म्हणजे 26.7 घनफूट, 10 टक्के वाढ धरून 30 पुरते. मात्र आपल्या माळव्याच्या काळ्या मातीवर ती थेट टाकू नका. ही माती पावसात फुगून लोण्यासारखी मऊ होते आणि गिट्टी गिळते, मग दरवर्षी नवी ट्रॉली. मधे जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं कापड घाला, जोडावर फूटभर एकावर एक. प्लास्टिक घातलं तर पाणी वर तुंबतं.

ट्रॉलीचं मापही आतून घ्यावं, बाहेरून नाही. माल मधे शीग लावून भरतात, कडेला खोलगट असतो. रिकामी करण्याआधी फळीने सपाट करून घ्या आणि चार कोपरे व मध्य अशा पाच ठिकाणी सळई तळापर्यंत घालून सरासरी उंची काढा. गोल वाफ्याचं क्षेत्रफळ काढताना चौकोन धरू नका: 10 फूट व्यासाचा वाफा 78.5 चौरस फूट भरतो, 100 नाही.

शहरातल्या रेती विक्रेत्यांनी घनफुटासोबत टनाचा भावही पाटीवर लिहावा आणि प्रत्येक फेरीबरोबर धर्मकाट्याची पावती द्यावी, ही आमची मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी.

– बागकाम व बांधकाम क्षेत्रातील काही वाचक, इंदूर