‘ब्रेक’मुळे अडलेली लग्नं

महोदय,

नाशिकमध्ये सातपूरच्या अशोकनगरात माझी खानावळ आहे. जेवायला येणारी बहुतेक पोरं एमआयडीसीत ठेकेदाराकडून कामाला लागलेली. गोदापार्कवर, फाळके स्मारकापाशी बसणाऱ्या जोडप्यांना हाकला, असं लोक तावातावाने म्हणतात. त्या जोडप्यांत ही पोरंही असतात. त्यांनी बसावं कुठे? एका खोलीत पाच जण राहतात, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपतात.

त्यातला एक सुरगाण्याकडचा, आयटीआय फिटर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यायचं त्याच्या मनात आहे. ज्या मुलीशी त्याचं जमलंय ती गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. दोन्ही घरांत सांगून झालंय, कुणाचा विरोध नाही. अडलंय ते ‘ब्रेक’वर.

वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराला सहजासहजी काढता येत नाही. म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. सहा-सात महिने झाले की गेटपास काढून घेतात. हाच तो ‘ब्रेक’. मग काही आठवड्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पोरगा पुन्हा त्याच मशीनवर उभा! मधल्या काळात खोलीच्या डिपॉझिटसाठी लावलेली भिशी मोडते, प्रवेशाची फी राहून जाते. मागच्या ब्रेकमध्ये तो सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामावर रोजंदारीला जात होता, डबा एकच वेळचा घेत होता. मी पैशांचं नंतर बघू म्हटलं, तर त्या मुलीने स्वतःच्या पगारातून महिन्याचे पैसे आणून दिले. त्याला न सांगता. अशा पोरांना कुणी उनाड म्हटलं की मला फार लागतं.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कंपनीने द्यावी, असं १९७०चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता आणि त्याच्या जागी आलेली नवी कामगार संहिताही तेच सांगते. मग ब्रेकचा विषय निघाला की कंपनीने ठेकेदाराकडे बोट का दाखवावं?

कामगार उपायुक्त कार्यालयाला माझी विनंती आहे, की सातपूर-अंबडमधल्या कंत्राटी कामगारांच्या नोंदी तपासाव्यात. ठेकेदाराचं नाव बदललं तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो. तो धरून पाहिलं तर कोणता माणूस किती वर्षं एकाच कारखान्यात राबतोय, हे कार्यालयात बसूनही कळेल.

– एक खानावळचालक, अशोकनगर, सातपूर, नाशिक