ट्रंक, वही आणि चौदा नंबरची कॅसेट

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

बाबा, माळ्यावरची सिनेमांच्या कॅसेटींची पत्र्याची ट्रंक मी गाडीत घालून पुण्याला आणली, तेव्हा "कॅसेटी साफ करून परत आणतो" असे तुम्हाला सांगितले होते. ते अर्धेच खरे होते. कॅसेटी आता परत येणार नाहीत आणि व्हीसीआरही दुरुस्त करायचा नाही, असे मी ठरवले आहे. रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत ऐकावे. ऐकावे म्हणतो, कारण ते आईने वाचून दाखवायचे आहे; मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून महिना झालेला नाही.

प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, तेव्हापासून पुण्याला गेलेली वस्तू परत येत नाही, हे तुमचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मी नोकरीसाठी निघालो तेव्हाही एसटी स्टँडवर तुम्ही तेच म्हणाला होता. आता ट्रंकेच्या बाबतीतही ते खरे ठरवतो आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे.

पण माझी बाजू ऐका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आपल्या शाहूपुरीत पुराचे पाणी शिरले, तेव्हा ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली असे आपण समजत होतो. ती भिजली नाही, एवढेच खरे. त्यानंतर कित्येक आठवडे घरात जी ओल राहिली, तिने एकसष्टपैकी तेवीस कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. आईचा खोकला दर वेळी ट्रंक उघडल्यावरच का वाढतो, हे मला त्या कॅसेटी उजेडात धरल्यावर समजले. अशी एक कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. शिवाय जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनीही 2016 मध्ये थांबली, त्यामुळे सुटे भाग मिळवायचे तरी कोठून? आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ते स्टूल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही एका हाताने माळ्याची कड धरून दुसऱ्या हाताने ट्रंक ओढत होता, हे आईने मला फोनवर सांगितले. तिच्यावर चिडू नका. मीच खोदून विचारले होते.

येथे एका जाणकार गृहस्थांनी एकेक कॅसेट उघडून, फीत पुसून, ती संगणकावर उतरवून दिली. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. त्यातून सात कॅसेटी गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या चोपन्न मी रोज रात्री जेवणानंतर, तुमची सिनेमांची वही शेजारी ठेवून, तुमच्याच क्रमाने पाहिल्या आणि तुम्ही प्रत्येक सिनेमाला सोळापैकी दिलेल्या आण्यांसमोर पेन्सिलीने माझे आणे लिहिले. आपले सगळेच जुळले आहे असे नाही.

'साधी माणसं'ला तुम्ही सोळा आणे दिले होते. कॉलेजात असताना मला तो संथ वाटायचा आणि भालजी पेंढारकरांचे नाव निघाले की तुमचा चेहरा बदलतो म्हणून मी गप्प बसायचो. या वेळी पाहताना मात्र सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचे लोहाराचे घर मला आपल्या गल्लीतल्यासारखे ओळखीचे वाटले, आणि आनंदघन या नावाने लताबाईंनी दिलेले संगीत त्या घराच्या वर कधीच जात नाही, हे प्रथमच लक्षात आले. सोळा आणे मान्य.

'सामना'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. जब्बार पटेलांच्या या पहिल्याच चित्रपटाचे तुम्ही दोन आणे कापलेत आणि कारण लिहिलेत, "शेवट ढिला". मला तसे वाटत नाही. निळू फुले आवाज न चढवता जेवढी भीती घालतात, तेवढी आजचे दहा खलनायक मिळून घालू शकत नाहीत. हा चित्रपट मी 'पिंजरा'च्या लगेच दुसऱ्या दिवशी पाहिला. दोन्हींत डॉ. लागू मास्तर आहेत आणि दोन्हींत निळूभाऊही आहेत. पण एक मास्तर प्रतिष्ठेच्या शिखरावरून घसरतो, तर दुसरा दारूच्या तळातून उठून सत्तेला प्रश्न विचारू लागतो. हे दोन चित्रपट पाठोपाठच पाहावेत असे माझे मत झाले आहे. 'सामना'चे दोन आणे मी परत दिले आहेत. 'पिंजरा'चे कापले नाहीत, कारण तो आईचा आहे.

'पिंजरा'वरून एक गोष्ट विचारायची आहे. लहानपणी सतरंजीवर तुमच्या मांडीवर डोके ठेवून मी सिनेमा अर्धा होण्याआधीच झोपायचो आणि सकाळी चहाच्या वेळी तुम्ही मला पुढचा भाग सांगायचात. गुरुजी पुन्हा शाळेत रुजू झाले आणि मुलांनी त्यांना हार घातला, असे तुम्ही सांगितले होते. परवा पाहिले, तर ते स्वतःच्याच खुनाची शिक्षा मुकाट्याने पत्करतात. असे किती सिनेमांचे शेवट तुम्ही माझ्यासाठी बदलले होते? वहीत त्याची नोंद नाही.

आता चौदा नंबर. 'संत तुकाराम'. वहीत तुम्ही लिहिले आहे: "सोळा आणे. शेवट गेला, सौ.च्या पाककृतीमुळे." बाबा, तो शेवट आईने पाककृतीचा कार्यक्रम टेप करून पुसलेला नाही. कोणी वर टेप करू नये म्हणून तुम्ही कॅसेटीच्या मागची खुंटी तोडून टाकायचात. त्या भोकावर चिकटपट्टी लावणारा मी होतो. 9 मार्च 1996, बंगळुरू, पाकिस्तानविरुद्धचा सामना. पागनीसांचे तुकोबा निरोप घ्यायच्या बेतात असतात, मध्ये दोन क्षण पडद्यावर मुंग्या येतात, आणि एकदम अजय जडेजा वकार युनूसला मारू लागतो. आईने तेव्हा माझ्याकडे एकदाच पाहिले आणि तुमचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेतले. मी तेरा वर्षांचा होतो, आज चाळिशी ओलांडली आहे, आणि हे लिहायला मला तीन रविवार लागले.

पुढच्या शनिवारी येईन तेव्हा सर्व सिनेमे एका लहान पेटीत आणीन. ती टीव्हीला जोडून देईन. क्रमांक तुमच्या वहीतलेच आहेत, त्यामुळे शोधावे लागणार नाही. चित्र टीव्हीभर ताणू नका, नाहीतर 'संत तुकाराम'मध्ये जिजाई झालेल्या गौरीबाई उगाच रुंद दिसतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. दूरदर्शनची व्यत्ययाची पाटीसुद्धा मी कापलेली नाही. बाबांसाठी कानावर लावायचा हेडफोन आणतो आहे, म्हणजे आईला नऊला झोपता येईल. डोळ्यांत थेंब घातल्यावर तासभर काही पाहायचे नाही. भडंग वाटीभरच, ताटभर नाही. रक्तदाबाची गोळी सिनेमाच्या आधी घ्यावी, मध्यंतरात नव्हे, कारण आता मध्यंतर कोणी करणार नाही. आणि ते स्टूल मी येईपर्यंत शेजारच्या काकूंकडे ठेवावे. आई, हे काम तुझे.

चौदा नंबरची संपूर्ण प्रतही मी मिळवली आहे. ती मी अजून पाहिलेली नाही. तिघांनी मिळून पाहू. वहीही सोबत आणतो. बाबा, तेवढी "सौ.च्या पाककृतीमुळे" ही नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने खोडावी. मी पेन्सिलीने खोडली तर ती पुसता येते.

आपला,
बाळ