चिऱ्याच्या भिंती आतून कोंडू नका

संपादक महोदय,
स. न.

चतुर्थी जवळ आली की वर्तमानपत्रांत रंगाच्या, फॉल्स सीलिंगच्या आणि हल्ली 'घर थंड ठेवणाऱ्या' बोर्डांच्या जाहिराती येऊ लागतात. त्या बोर्डांनी आमचे नुकसान झाले, म्हणून हे पत्र.

गोव्यात म्हार्दोळजवळचे आमचे घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले. दोन फूट जाड चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मातीची जुळणी, वर चुन्याचा गिलावा आणि छपराला मंगळुरी नळे, म्हणजे कौले. दोन वर्षांमागे दुरुस्ती काढली, तेव्हा इंग्लंडात स्विंडनला असलेल्या मुलाने भिंतींना आतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, करून घ्यायला सुचवले. त्याचे तिथले घर १९१९ च्या आधीचे, नऊ इंची भरीव विटांच्या भिंतींचे. आतून बोर्ड लावल्यावर त्याचे हिवाळ्यातले गॅसचे बिल खाली आले होते. आमच्या कंत्राटदारानेही लगेच मान डोलावली. दोन खोल्यांत पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात ग्लासवूल, त्यावर चंदेरी फॉइल आणि शेवटी जिप्सम बोर्ड. एक लाख चाळीस हजार गेले. मार्चमध्ये एसी बसवला. खोली अशी झटक्यात गार व्हायची, की मीच शेजारणीला बोलावून दाखवली.

जुलैत वास सुरू झाला, भिजलेल्या गोणपाटाला येतो तसा. कपाटामागे पाल मेली असेल म्हणून आधी कपाट हलवले. चतुर्थीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळापानांचे छत, बांधताना भिंतीला हात टेकला, तर बोर्ड सादळलेल्या पापडासारखा दबला. गणपती पोहोचवल्यावर जुन्या गवंडी मेस्ताला बोलावले. त्याने एक बोर्ड उतरवला आणि "टीचर, भिंत घामेजली" एवढेच म्हणाला. फॉइलच्या पाठीवर थेंबच थेंब, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतात तसे. ते ओघळून खाली साचलेले, आणि तिथून बोर्डाने पाणी वर शोषलेले. ढोपरभर उंचीपर्यंत काळी बुरशी.

मुलाला फोटो पाठवले, मग कारण उलगडले. तिकडे हिवाळ्यात ऊब आणि वाफ घरात असते, गारठा बाहेर. वाफ आतून बाहेर जाऊ पाहते, म्हणून फॉइल खोलीच्या बाजूला लावतात. आपल्या पावसाळ्यात सगळे उलटे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तर २७ अंशांच्या आसपासच वाफेचे पाणी होऊ लागते. आमचा एसी २२ वर. सच्छिद्र चिऱ्यातून आत आलेली वाफ त्या गार फॉइलवर अडत होती. शिवाय झडीने भिजलेला चिरा आतल्या अंगानेही वाळत असतो. ती वाट आम्ही पैसे मोजून बुजवली.

बरे, भिंतींना गरज तरी होती का? दोन फुटी चिऱ्यातून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होते. दुपारी डोके तापते ते नळ्यांमुळे. घरांतल्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या इको निवास संहितेतही छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला वेगळी मर्यादा आहे. कंत्राटदाराला ती ठाऊक नव्हती, मलाही नव्हती.

आता सगळे काढून टाकले आहे. भिंती शिमग्यापर्यंत उघड्या ठेवल्या. तळाला मागच्या एका दुरुस्तीत सिमेंट मारलेले होते, तेही खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्याचे काम जाणणारा माणूस मिळायलाच दीड महिना गेला. इन्सुलेशन नळ्यांखाली घातले, हवा खेळायला चार बोटे जागा सोडून. एसी लावलाच तर २६ वर. पागोळ्यांचे पाणी अंगणातल्या पेव्हरवर आपटून भिंतीवर उडायचे, म्हणून भिंतीलगतचे पेव्हरही उखडले. सासूबाई मे संपता संपता पावसाच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या चुडतांची झापे बांधून घेत. आम्हा सुनांना ते गावंढळ वाटायचे.

पणजीत आल्तिनोच्या आर्किटेक्चर महाविद्यालयाने फोंड्यात गवंड्यांसाठी आणि छोट्या कंत्राटदारांसाठी चिरा-चुन्याच्या कामाचे दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, आणि पंचायतींनी दुरुस्तीच्या परवान्यासोबत मराठी-कोकणीत एक पानी सूचना द्यावी, एवढी विनंती आहे. वर्ग भरवायला आमची वसरी मोकळी आहे. ती बुरशीही दाखवता येईल, एक बोर्ड मी मुद्दाम ठेवून दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, म्हार्दोळ