काकू, तुमचे जाहीर आभार

प्रिय काकू,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती देता आलं असतं, तरी मुद्दाम उघड लिहिते आहे. माझ्या बाबतीत जे झालं ते आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून अनेकांच्या बाबतीत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना तुमच्यासारखं माणूस भेटत नाही. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं.

जिवलग मैत्रिणीला मी माझ्या संसारातली एक गोष्ट सांगितली होती. आम्ही दोघींनी गुडघे टेकून त्यासाठी प्रार्थनाही केली. थोड्याच दिवसांत ती गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' होऊन घरोघरी पोचली. उपासना संपल्यावर एका बहिणीने माझा हात दाबला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं." तिच्या नजरेतच मला कळलं, हिला सगळं ठाऊक आहे. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटेना. जिथे मन मोकळं करायचं, तीच जागा माझ्यासाठी बाटली होती.

भेटायला बरेच जण आले. सत्तर वेळा सात क्षमा करायची असते, देवाची यात काही योजना असेल, म्हणाले. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. पण ते इतक्या घाईने बोललं जायचं की मी लवकर गप्प व्हावं, एवढंच त्यांना हवं आहे असं वाटायचं. पवित्र शास्त्रातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तुम्ही आलात आणि बसलात. काय झालं, कोण काय म्हणालं, काहीही विचारलं नाहीत. मी सांगेन तेवढंच ऐकलंत.

मग पवित्र शास्त्र उघडून स्तोत्र 55 माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "मोठ्याने वाच. गाळायचं काही नाही." आपला भार परमेश्वरावर टाक, हे त्यातलं बाविसावं वचन मला लहानपणापासून पाठ होतं. त्याच्या आधी काय काय आहे, ते मात्र मी कधी थांबून वाचलंच नव्हतं. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती. पण तू तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, देवाच्या घरी आपण मिळून जात होतो! इथे माझा आवाज अडकला. तुम्ही थांबलात, पाणी दिलंत आणि बोटाने पुढची ओळ दाखवलीत. त्या ओळीत स्तोत्रकर्ता अशा लोकांना जिवंतपणी अधोलोकात धाडायला सांगतो! हे देवापुढे बोलायचं? मी तुमच्याकडे पाहिलं. "त्याच्यापुढेच बोलायचं," तुम्ही म्हणालात, "म्हणजे ते दुसऱ्या कुणापुढे बोलावं लागत नाही."

काकू, मला तारलं ते या एका वाक्याने. माझी खरी तक्रार मैत्रिणीपेक्षा देवाशी जास्त होती. त्याला सगळं दिसत होतं, मग त्याने थांबवलं का नाही? अशी तक्रार म्हणजे अविश्वास, अशी माझी समजूत होती; म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. तुम्ही यिर्मया संदेष्टा दाखवलात, जो परमेश्वराला तोंडावर म्हणतो की तू मला फसवलंस. अंधारातच संपणारं स्तोत्र 88 दाखवलंत. ही माणसं रागावली, रडली, पण बोलली त्याच्याशीच. देवाशी एकनिष्ठ राहणं म्हणजे हेच असावं, असं मला आता वाटतं. रोज हसतमुखाने 'हालेलूया' म्हणण्यापेक्षा ते पुष्कळ जड आहे.

आणखी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. क्षमा केली म्हणजे पुन्हा तितकाच विश्वास टाकायचा का, या विचाराने मी पोखरून निघाले होते. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय तुम्ही काढलात. पहिल्या जबाबाच्या वेळी सगळे आपल्याला सोडून गेले, असं पौल लिहितो आणि लगेच म्हणतो, हे त्यांच्याकडे मोजलं न जावो. पण त्याच्या जरा आधी, आलेक्सांद्र तांबटाने आपलं फार वाईट केलं, त्याच्यापासून तूही जप, असं तीमथ्याला बजावतो. शिवाय मार्काला घेऊन ये, म्हणतो. तोच मार्क, ज्याने पंफुल्या प्रांतात साथ सोडली म्हणून पौलाने सुवार्तेच्या पुढच्या फेरीत त्याला बरोबर नेलं नव्हतं. क्षमा, सावधगिरी आणि काही वर्षांनी पुन्हा जुळलेला विश्वास, सगळं एकाच पानावर. मला केवढा सुटल्यासारखा श्वास आला!

प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून सगळे मिळून घेतो, त्या प्रभुभोजनाला मात्र मी तरीही जाऊ शकत नव्हते. ती त्याच रांगेत असायची. एकाच भाकरीला दोघींनी हात कसा लावायचा? तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, "प्रभुभोजनाच्या वेळी पाळक सुरुवात कुठून करतात?" ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री त्याने भाकर घेतली. इतकी वर्षं ऐकत आले होते. वर्षातल्या इतक्या रात्रींमधून पौलाने नेमकी हीच ओळख दिली आहे. त्याला धरून देण्याचा सौदा चांदीच्या तीस नाण्यांवर आधीच ठरलेला, तो करणाऱ्या यहूदाचेही पाय धुतलेले, तीनदा नाकारणारा पेत्र शेजारी, आणि थोड्याच वेळात बाकीचेही पळणार. हे सगळं जाणून त्याने भाकर मोडली. त्या मेजाशी यायला माणसांनी आधी विश्वासू ठरावं लागत नाही. तिथे विश्वासू एकटा तोच आहे. पुढच्या वेळी मी गेले. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात.

मैत्रिणीने अजून माफी मागितलेली नाही. भेटलो की बोलतो, जपून. काही दिवस तिचं नाव घेऊन आशीर्वाद मागता येतो. काही दिवस स्तोत्र 55 चं ते अधोलोकाचं पंधरावं वचनच ओठांवर येतं, तेव्हा तेच वाचते आणि शेवटच्या ओळीपर्यंत जाते: मी तर तुझ्यावर भरवसा ठेवीन. कधी ती ओळ मनापासून निघते, कधी नुसती वाचली जाते.

आणि काकू, तुमच्यासमोर रडत मी नको नको ते बोलले होते. त्यातला एक शब्दही आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझ्याकडे परत आलेला नाही. सर्वांत मोठे आभार यासाठी.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतली एक बहीण