पेटीशेजारची जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या एकटेपणाविषयीची पत्रं आपल्या दैनिकात नेहमी वाचते. तरुणांच्या एकटेपणाबद्दलही लिहावंसं वाटलं.

बँकेतल्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी मी मुंबईहून नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. तेव्हा वय सत्तावीस, ओळखीचं कोणी नाही. मुंबईच्या चर्चमध्ये लहानांची, तरुणांची, बायकांची बैठक वेगवेगळी. इथे रविवारी उपासनेला जेमतेम तीस-पस्तीस माणसं. तरुण संघ काढायचा तर आणायचं कुणाला? पाळकसाहेबांनी मला गायनात बसवलं, पेटीशेजारी, ब्याऐंशी वर्षांच्या एका मावशींजवळ. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचं सारं आयुष्य गेलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, पण त्यांची भजनं आमच्याकडे आजही टाळ-पेटीवर म्हणतात. आमच्या पुस्तकात नुसते शब्द आहेत. चाल माणसाकडूनच घ्यावी लागते. मावशींनी ती त्यांच्या आजीकडून घेतली. मोतीबिंदूमुळे त्यांना आता अक्षर लागत नाही. पुस्तक मी धरते आणि त्यांचं बोट माझ्या मनगटावर ताल धरतं. कडवं संपत आलं की ते बोट जरा दाबतात. "थांब गं, श्वास घे. मग उचल."

ही मैत्रीच आहे. आजी-नात म्हणवत नाही, कारण नात्यात इतकं मोकळं बोलता येत नाही. इतक्यात लग्न करायचं नाही, हे मी आईच्या आधी त्यांना सांगितलं. रात्रीची भीती वाटते, हे त्यांनी पुण्यातल्या मुलाला नाही, मला सांगितलं. तेव्हापासून रोज रात्री नऊला त्यांचा मिस्ड कॉल येतो. म्हणजे कडी लावली, आता झोपते. मला टायफॉइड झाला तेव्हा मावशीच काठी टेकत, पेजेचा डबा घेऊन दोन जिने चढून आल्या होत्या.

शहरांतल्या मोठ्या ख्रिस्ती मंडळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वयाप्रमाणे वर्ग जरूर घ्या, पण भजनाला तरी सगळ्यांना एकत्र बसवा. जुन्या चाली येणारी आमच्याकडची माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आणि परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींनाही 'जेवलीस का' विचारणारं कुणीतरी हवं असतं.

गेल्या महिन्यापासून सहावीतला एक मुलगा आमच्यात ढोलकीला बसतो. त्याचा ठेका चुकला की मावशी सगळ्यांनाच पुन्हा पहिल्या ओळीवर आणतात.

— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा